वीणेच्या पहाऱ्याला निघालेले टायर

सज्जनहो, मातृशक्तीहो, आणि कनातीच्या बाहेर उभे राहून ‘आत जावे की नको’ असा गहन विचार करणाऱ्या तरुण मंडळींनो! परमेश्वराच्या कृपेने आणि आपणां सर्वांच्या अनुमतीने आज या ठिकाणी जे आख्यान मी आपणांसमोर मांडणार आहे, ते राजाचे नाही, ऋषीचे नाही, देवदानवांच्या युद्धाचेही नाही. हे आख्यान एका सायकलच्या दोन टायरांचे आहे!

हसलात? हसा! मृदंगवालेबुवा, तुम्हीसुद्धा हसलात, मी पाहिले. परंतु हे हसू जरा खिशात ठेवा, कारण शेवटी ते मी परत मागणार आहे.

तत्पूर्वी एक प्रश्न. अत्यंत साधा प्रश्न! कोणी प्रेमाने आपल्याला एखादी वस्तू दिली, तर त्या वस्तूचा मान कसा राखावा? जपून ठेवावी, की वापरावी? बोला ना! — पहिल्या रांगेतल्या आजी म्हणतात, जपून ठेवावी. बरोबर! सुनेने दिलेली पैठणी आजींनी दहा वर्षे डांबराच्या गोळ्यांत ठेवली आहे. सून बिचारी प्रत्येक लग्नात बघते आणि मनात म्हणते, आवडली नाही वाटते! — तेव्हा उत्तराची घाई नको. उत्तर मी देणारच नाही. उत्तर सिद्राम देईल. ऐका, मंडळी, मन एकाग्र करून ऐका!

माणदेशात पांढरवड नावाचे गाव. गावाच्या डोक्यावर डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर सनगरवस्ती. सनगर म्हणजे घोंगडी विणणारे लोक, हे आपणांस ठाऊक आहेच. एके काळी त्या वस्तीवर अकरा माग चालत होते. पुढे पोरे शहरात गेली, माग मोडले, आणि आमच्या आख्यानाच्या काळी तिथे एकच माग उरला होता — सिद्राम हिंगमिऱ्यांचा. वय पंचावन्न. शरीर काटक, बोलणे थोडके. डोक्याला पटका, आणि पटक्यात खोचलेले दाभण. दाभण म्हणजे ती जाड, वाकडी सुई, जिने घोंगडीचे काठ शिवतात. हे दाभण लक्षात ठेवा हं! देवाने ते उगीच पटक्यात खोचलेले नाही.

आता पांढरवडला दर चैत्रात अखंड हरिनामाचा सप्ताह भरे. आणि सप्ताहात वीणा उभी असते! म्हणजे काय? म्हणजे सात दिवस, सात रात्री ती वीणा जमिनीला टेकत नाही. एकाने गळ्यात घालायची, उभे राहून नाम घ्यायचे, दोन तास झाले की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. याला पहारा म्हणतात. पांढरवडला कोणता पहारा कोणत्या वाडीचा, हे मंदिरातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले असे. दुपारी बारा ते दोन — सनगरवस्ती. हा मान सिद्रामाच्या वडिलांनी मिळवलेला. आणि गावचा नियम असा कडक, की पहाऱ्याचा माणूस घंटेला हजर नसेल तर त्या वाडीचे नाव पुसायचे, आणि पुढच्या वर्षापासून मान दुसऱ्या वाडीला!

अकरा मागांची वस्ती. त्यातले दहा मोडलेले. आता त्या वस्तीचे नाव उरले होते कुठे? सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या पटावर नाही. ते उरले होते त्या फळ्यावर, एका ओळीत! आणि ती ओळ टिकवणारा माणूस एकच. आले ध्यानात, सिद्रामावर काय जबाबदारी होती ते?

बरे, वाट कशी? नऊ किलोमीटर! आधी माळाचा मुरूम. मग खिंडीची पायवाट — तिथे काळा खडक असा फुटलेला, की जणू कोणी पाट्यावरवंट्याचे टाके उलटे घालून ठेवलेत. मग बाभळीच्या बनातून गाडीवाट, आणि शेवटी चार किलोमीटर गुळगुळीत डांबर. पायी अडीच तास. वस्तीवर माणसे दोनच, सिद्राम आणि त्याची बायको शेवंता. तिची कंबर धरलेली. शेळ्यांना पाणी पाजून, बायकोला भाकरीपुरते सरपण देऊन मग सिद्रामाने निघायचे. सिद्रामाला मोटारसायकल चालवता येत नाही. तेव्हा पुण्याच्या पुतण्याने जुनी का होईना, जाड चाकांची, गिअरची सायकल आणून दिली होती. तीच त्याचा गरुड!

परंतु त्या गरुडाचे पंख झडले होते. टायर झिजून पार टकले! तेव्हा दसऱ्यानंतर एके दिवशी सिद्राम पांढरवडला बादशा मिस्त्रीकडे आला.

बादशा मुलाणी, सायकलमिस्त्री. स्टँडसमोर दुकान. दुकान कसले — एक पत्रा, एक घमेले, एक हवेचा पंप आणि टांगलेल्या टायरांची वनराई. सप्ताहाचे सात दिवस हा माणूस भाविकांची पंक्चर फुकट काढी. ‘तुमी आत देवाचं नाव घ्या, म्या भाईर हवा भरतो,’ असे म्हणे. विनोदी मनुष्य! पण टायराच्या बाबतीत अत्यंत गंभीर.

सिद्रामाने दुकानात पाऊल टाकले, वर बघितले, आणि बोट दाखवले.

“बादशाभाई, त्यो दे. त्यो मोठ्या बटणांचा.”

मंडळी, टायराला जे रबराचे उंचवटे असतात त्यांना बटणे म्हणतात. तो टायर होता खरा देखणा! एकेक बटण चिंचोक्याएवढे, दोन बटणांत अंगठा बसेल इतके अंतर. ट्रॅक्टरचा धाकटा भाऊच जणू! तुम्ही असता तर तुम्हीही तोच मागितला असता. आपण माणूससुद्धा मिशा बघूनच निवडतो.

मिस्त्री म्हणाला, “नाना, नवरी बघाय आलाईस का टायर? आधी मला सांग, तुझ्या चाकाखाली काय काय येतं?”

“वाट येती. आनि काय येनार?”

“वाट म्हंजी काय? मुरूम किती, खडक किती, डांबर किती?”

सिद्राम बोटांवर मोजू लागला. मुरूम दोन, खिंड दीड, गाडीवाट दीड... आणि डांबर चार. मोजता मोजता तोच चकित झाला! वीस वर्षे तो सर्वांना सांगत आला, मी डोंगराच्या वाटेने येतो. पण हिशेब मांडला तर निम्म्याला आली डांबरी सडक! माणसाला आपली वाट आपल्यालाच ठाऊक नसते, मंडळी. कठीण तेवढे आठवते. ज्या सोप्यावरून निम्मे आयुष्य गेले, ते विसरते.

मिस्त्रीने सायकल उलटी केली. मागच्या टकल्या टायरावर हात फिरवला, वैद्य नाडी बघतो तसा.

“हे बघ. मधली बटणं सपाट. ही डांबरानं खाल्ली. आनि ह्या कडेला बघ, ह्या चिरा. ह्या खिंडीतल्या दगडानं केल्या. तुझा टायर मधून झिजतो आनि कडंनं फाटतो. तू मागतुयास त्यो मोठ्या बटणांचा चिखलाचा राजा हाय. डांबरावर घरघर घरघर करंल, तुझ्या मांड्या भरून येतील, आनि दोन सालात त्याची बटणं उडतील. आनि त्यो तिकडचा गुळगुळीत, त्यो डांबरावर पाखरागत पळंल, पर खिंडीत पहिल्याच वळणाला तुला बाभळीत नेऊन बसवंल.”

“मग रं?”

मिस्त्रीने आतून तिसरा टायर काढला. दिसायला अगदी साधा! मध्ये बुटकी बटणे, एकमेकांना खेटून, सलग ओळीत. कडेला मात्र जरा उंच, विरळ.

“मधली ओळ डांबरासाठी. सलग हाय, म्हनून घरघरत न्हाई, लवकर झिजत न्हाई. कडंची बटणं खिंडीतल्या वळणाला धरत्यात. पर नाना, बटणं सोड. बटणं सगळीच बघत्यात. तू इनकर हायस. तू आत बघ!”

आणि त्याने टायर उलटा केला. आतली बाजू वर!

सिद्रामाने बोट ठेवले. आणि मंडळी, त्याचा चेहराच बदलला. आत सूत होते! रबराच्या पोटात सूत. बारीक, आडवे-तिरपे, एकावर एक थर दिलेले. त्याने अंगठ्याच्या नखाने धागे चाचपले. दुसरा टायर ओढला, त्याचे चाचपले. मोठ्या बटणांच्या त्या देखण्या टायराची कड त्याने चिमटीत धरली आणि तोंड वाकडे केले.

“हा इरळ हाय, बादशाभाई. ह्यात दोनच थर. वरनं निस्ती मिशी, आत कायबी न्हाई. आनि हा...” त्याने साधा टायर पोटाशी धरला. “ह्याच्या कडंला जादा थर हाय. ही कड मारून मारून बसवलीया. ही घोंगडी हाय.”

“आता बोललास! टायर कडंवर जगतो, नाना. बटणं झिजली तरी चाक चालतं. कड गेली की चाक बसलं.”

हा जो संवाद झाला, तो मी पुराणात शोधला असता तर मला सापडला नसता. दोन अडाणी माणसे! एकाला रबराचे ज्ञान, एकाला सुताचे. आणि दोघांनी मिळून सत्य चिमटीत पकडले!

पुढे काय झाले? मिस्त्रीने ते दोन्ही टायर सुतळीने बांधले आणि सिद्रामाच्या खांद्यावर घातले. “घिऊन जा. इकत न्हाई. मागं तू माझ्या आब्बाला घोंगडी इनून दिली, तवा काय घेतलंस माझ्याकडनं? जा. वीणेला जायाची चाकं हायेत ही. माझ्याकडनं.”

सिद्रामाने हात जोडले. तो टायर खांद्यावर घेऊन, जुन्या टकल्या चाकांवरून, सबंध नऊ किलोमीटर घरी गेला. काय म्हणता? खांद्यावरचे टायर चाकाला का लावले नाहीत? वा! तुम्हाला प्रश्न पडला, सिद्रामाला पडला नाही. कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि पाणी भरलेल्या डोळ्यांना माणूस दिसतो, उपयोग दिसत नाही!

घरी आल्यावर शेवंता म्हणाली, “अवं, लावा की चाकाला! रोज रोज पंक्चर काढत बसताय.”

“यडी का काय तू! देवाच्या कामाला दिल्यात. चैत्रात, सप्त्याच्या पहिल्या दिवशी लावीन. तवर जपायची.”

आता विणकराला जपणे कसे ठाऊक? लोकर जपतात तसे! लोकरीला कसर लागते, म्हणजे बारीक कीड. म्हणून घोंगडीला दर आठ दिवसांनी ऊन द्यायचे, आणि कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची. सिद्रामाने टायरांना हळदकुंकू लावले, दक्षिणेच्या भिंतीला खुंटीवर टांगले, आणि सहा महिने — मंडळी, सहा महिने! — न चुकता, दर आठवड्याला त्यांना कडक ऊन दिले आणि कडुनिंबाची धुरी दिली!

मिस्त्रीलोक इथे बसले असतील तर त्यांनी कानांवर हात ठेवले असतील. कारण रबराचे दोनच वैरी. एक ऊन, दुसरा धूर. कसर रबराला लागत नाही. आणि आमचा सिद्राम, अत्यंत प्रेमाने, अत्यंत भक्तीने, दर आठवड्याला दोन्ही वैऱ्यांना निमंत्रण देत होता!

शेवंताने एकदा हात लावून पाहिले. “अवं, ही चिरमटल्यागत लागत्यात. जुन्या बाईच्या टाचंवानी.”

“नव्या मालाला कडकपना असतो. खळ दिलेली घोंगडी कडक लागती का न्हाई?”

झाले! बायको बोलली ते सत्य होते, नवरा बोलला ते शास्त्र होते. विजय कोणाचा झाला, ते माउल्यांनी सांगावे.

विठ्ठल, विठ्ठल! — म्हणा जरा मोठ्याने, पुढे खिंड आहे.

चैत्र उजाडला. सप्ताहाचा पहिला दिवस. सिद्रामाने शेळ्यांना पाणी पाजले, सरपण ठेवले, नवे टायर चाकांना चढवले, टायरांना नमस्कार केला आणि अकराला निघाला. माळावर सायकल अशी चालली, की तो स्वतःशीच हसला. मधल्या ओळीचा एकसारखा आवाज, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखा. ‘बादशाभाई, तुझं भलं हुवो,’ असे तो प्रत्येक वळणाला म्हणत होता. कृतज्ञता खरी होती, मंडळी! त्यात तिळभर खोट नव्हती. म्हणूनच तर हे आख्यान सांगायचे.

खिंडीत पोचला. सव्वाअकरा. पहिल्या वळणाला कडेची बटणे बसली, धरली. दुसऱ्या वळणाला धरली. तिसऱ्या वळणाला एक काळा दगड, बोटभर वर आलेला. असे दगड त्या टायराने हसत झेलायला हवे होते. पण उन्हाने वाळलेली ती कड —

फाट्!

मागचा टायर कडेला चार बोटे उलला. आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि फुटली. आवाज खिंडीत घुमला. सिद्राम खाली उतरला, त्याने पाहिले, आणि त्याला सगळे एका क्षणात समजले. कडेवर रबर तांबूस झाले होते, त्यात केसासारख्या बारीक भेगा होत्या. जिथे घडी पडते तिथे जुनी लोकर तुटते, तसे. सूत शाबूत होते! जादा थर तसाच होता. रबरानेच त्याला एकटे सोडले होते.

“म्याच मारलं रं ह्याला,” तो म्हणाला. कोणाला? तिथे कोणी नव्हते. दगडाला म्हणाला.

इथून पायी निघाला तर? सव्वा वाजून जाईल. पळत निघाला तर? पंचावन्न वर्षे, खाली खडक — एक वाजता. घंटा बाराला! आणि फळ्यावरून ती ओळ जाणार. सनगरवस्ती, बारा ते दोन. बापाने मिळवलेली, दहा मागवाल्यांनी आपापल्या पाळीने उभे राहून राखलेली, आणि अकराव्याने टायराला धुरी देऊन घालवलेली!

तो खाली बसला. हात डोक्याला गेला. आणि बोटाला काय टोचले?

दाभण!

मी म्हटले होते ना? — मंडळी, ज्याने आयुष्यभर काठ शिवले, त्याच्यासमोर देवाने एक फाटलेला काठ ठेवला होता! सिद्राम ताडकन उठला. सूत शाबूत आहे, मग शिवायला काय हरकत? कमरेच्या पिशवीत कात्री, पंक्चरचे सामान आणि काळ्या लोकरीची पिळदार दोरी होती, काठ बांधायची. त्याने टायर रिमवरून उतरवला आणि चिरेच्या दोन्ही ओठांना दाभणाने टाका घातला. आत सुतात सुई अडके, रबरात घुसताना बोट सोले, तळहातातून रक्त आले. घोंगडीचा काठ मऊ असतो हो! हा दगडाचा काठ होता. त्याने बारा टाके घातले. मग ट्यूबला सोल्युशन लावून पॅच दाबला.

पण टाक्यांच्या मागे आतून आधार पाहिजे, नाहीतर ट्यूब पुन्हा फटीतून बाहेर येणार. आधाराला काय? पटका मऊ, टिकायचा नाही. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि शेवटी खाली पाहिले. पायात चप्पल. कसली? टायरची! आपल्याकडची ती दणकट, गाडीच्या टायरची चप्पल, तिला रबराचा रुंद पट्टा. लोकर कापायच्या कात्रीने त्याने उजव्या चपलेचा पट्टा कापला, उरलेला तळ पिशवीत टाकला, पट्टा टायराच्या आत चिरेमागे बसवला, वरून ट्यूब घातली आणि पंप मारला. पूर्ण हवा भरली नाही. मिस्त्रीने एकदा सांगितले होते, खडकावर हवा जरा कमी ठेव, चाकाला दबायला जागा असू दे. मग हात जोडले नाहीत, काही नाही. पेडलवर एक पाय अनवाणी, एक पाय चपलेत, आणि निघाला!

आता इकडे मंदिरात काय चालले होते ते पाहू.

वीणा होती लाडगुरुजींच्या गळ्यात. गुरुजी निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. दहा ते बारा त्यांचा पहारा. बाराला घंटा वाजली. गुरुजींनी दाराकडे पाहिले. सिद्राम नाही. पाच मिनिटे गेली. दहा गेली. तेव्हा व्यवस्था पाहणारे विलासराव उठले, फळ्याजवळ गेले, आणि त्यांनी ओले फडके हातात घेतले. विलासराव वाईट मनुष्य नव्हता हं! नियम तो नियम, एवढेच.

“गुरुजी, द्या वीणा इकडं. दुसरा मानूस उभा करतो. सनगरवस्ती आली न्हाई.”

गुरुजी नामस्मरण करता करता म्हणाले, “विलास, फडके खाली ठेव.”

“आवो, घंटा झाली!”

“घंटा तुझी झाली. माझा तास अजून संपलेला नाही. वीणा माझ्या गळ्यात आहे, तोवर पहारा माझा. माझा पहारा संपल्याशिवाय त्याचा सुरू होत नाही. आणि जो सुरूच झाला नाही, त्याला उशीर कसा होईल? तिसरीत तुला गणितात मी पास केले ते चुकलेच वाटते.”

मंडपात हशा! पण गुरुजींच्या धोतराकडे ज्यांचे लक्ष होते, त्यांना हसू आले नाही. धोतर थरथरत होते. गुडघे! सव्वाबारा. साडेबारा. कोणीतरी खुर्ची आणली. “वीणा गळ्यात असताना बसत नाहीत, बाळ,” म्हणाले आणि खुर्ची परत पाठवली. घाम कपाळावरून नाकावर आला. वीणा सोडायची नाही, म्हणून तो पुसायलाही हात मोकळा नाही. एका माउलीने पुढे होऊन पदराने पुसला.

बारा वाजून बेचाळीस मिनिटांनी बाहेर सायकल पडल्याचा आवाज आला.

सिद्राम आत आला. पटका सुटलेला, तळहात रक्ताळलेले, एका पायात चप्पल. ती एक दाराशी काढली, पाय धुतले, आणि वीणेसमोर उभा राहिला. वीणेपाशी सर्वांनाच अनवाणी उभे राहावे लागते. तेव्हा त्या क्षणी, मंडळी, त्याला काही कमी नव्हते!

गुरुजींच्या पायांवर तो वाकला. गुरुजी म्हणाले, “आधी वीणा घे रे बाबा, पाया नंतर पड! गुडघे नियम पाळायला तयार नाहीत.” वीणा गळ्यातून गळ्यात गेली. क्षणभरही जमिनीला टेकली नाही. आणि गुरुजींनी भिंतीला पाठ लावून विलासरावांना सांगितले, “आता लाव हजेरी. सनगरवस्ती, हजर.”

विलासरावांनी ओले फडके आपल्याच तोंडावरून फिरवले. का, ते देवाला ठाऊक!

दोन तास सिद्राम उभा होता. मुखाने नाम घेत होता, पण मनात एकच विचार. माझ्यासाठी एक म्हातारा माणूस आपले दुखरे गुडघे बेचाळीस मिनिटे झिजवतो, आणि मी? मला दिलेले टायर मी झिजू दिले नाहीत. खुंटीवर मारले!

पहारा संपला. तो सायकल ढकलत बादशा मिस्त्रीकडे गेला. मान खाली.

मिस्त्रीने चाक फिरवले. शिवलेल्या जागी थांबला, वाकला. बारा टाके मोजले. मग नाक जवळ नेले. पुन्हा नेले.

“नाना, ह्येला लिंबाऱ्याचा वास कशाचा?”

सिद्राम टायरावरची धूळ पुसू लागला.

“धुरी दिलीस? टायरला?... ऊनबी दिलं असशील!”

“आठ दिसाला.”

मिस्त्री हसू लागला. पोट धरून हसला, घमेल्याला पाय लागून पाणी सांडले तरी हसला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, “थांब.” तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीआडून काहीतरी काळे घेऊन आला. ते त्याने सिद्रामाच्या हातात ठेवले.

घोंगडी होती. सिद्रामाचीच! हात लागताच त्याने ओळखली, काठाचा टाका त्याचाच. पण आता? लोकर जाऊन सुतासारखी पातळ झालेली. तीन ठिकाणी भोके, भोकांना सायकलच्या ट्यूबची ठिगळे! एका कोपऱ्यावर काळे ग्रीस.

“आब्बानं ही चार सालं अंगावर घेतली,” मिस्त्री म्हणाला. “पावसात, थंडीत, दवाखान्यात. शेवटच्या दिशीबी हीच होती. आब्बा गेलं, मग माझ्या आईनं पांघरली. आता उन्हाळ्यात म्या खाली अंथरून सायकलीखाली लोळतो. नाना, ही खुंटीला टांगली असती तर तुला नवी दाखवली असती. बोल, कोनची पायजे हुती तुला?”

मंडळी, सिद्रामाने ती घोंगडी डोळ्यांना लावली. भोकांतून त्याला पलीकडचा रस्ता दिसत होता. आयुष्यात त्याने शेकडो घोंगड्या विणल्या, पण आपल्या हातचे काम इतके पूर्ण झालेले त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मिस्त्रीने दोन्ही टायरांना आतून चांगले जाड तुकडे बसवले. बारा टाके मात्र उसवले नाहीत. म्हणाला, असे काम माझ्याच्याने व्हायचे नाही. त्या टायरांवर सप्ताहाचे उरलेले सहा दिवस पार पडले, सहाही दिवस सिद्राम घंटेच्या आधी हजर! सप्ताह उठल्यावर त्याने तसलेच नवे टायर घेतले. मधली ओळ सलग, कडेला जादा थर. आणि घेतले त्या जागीच, मिस्त्रीच्या पत्र्याखाली, चाकाला चढवले. पुढचा लवकर झिजत नाही, मागचा झिजतो. म्हणून वर्षाने मागचा पुढे, पुढचा मागे, असे करत करत पाच वर्षे वापरले.

आणि पाच वर्षांनी, चैत्रातच, तो ते घेऊन मिस्त्रीकडे आला. पार टकले! बोट फिरवले तर बटण लागत नाही. कड मात्र सलामत. मिस्त्रीने ते हातात घेतले, वर उजेडाकडे धरले, आणि म्हणाला, “हां. आता फिटलं त्या पहिल्या जोडीचं देणं.”

त्या टायरांचे पुढे काय झाले? मिस्त्रीने त्यांच्या कडा कापल्या, जादा थराच्या त्या कडा, आणि चपलेचे पट्टे केले. एक जोड सिद्रामाच्या उजव्या चपलेला, जिचा पट्टा खिंडीत कापला होता, आणि तिच्या डाव्या बहिणीला. दुसरा जोड लाडगुरुजींच्या पायात! तेव्हा गुरुजी त्र्याऐंशीचे. पहाऱ्याला येताना काठी टेकत, त्याच चपला घालून येत, दाराशी काढून ठेवत. आणि फळ्यावर बारा ते दोनच्या पुढे ती ओळ तशीच होती.

आता, मंडळी, तुमचे हसू परत द्या!

मी विचारले होते, दिलेल्या वस्तूचा मान कसा राखावा. सिद्रामाची कृतज्ञता खोटी नव्हती. पण ती खुंटीवर होती. आता तुम्ही आपापल्या घरची खुंटी डोळ्यांपुढे आणा. परमेश्वराने तुम्हाला हात दिले, गळा दिला, दोन गुडघे दिले. आईबापांनी अक्षर दिले. कोणी विद्या दिली, कोणी शेजार दिला. ते चाकाला लावले आहे, की हळदकुंकू लावून ऊन देत बसला आहात? तरुण मंडळी, तुम्ही अजून कनातीबाहेर उभे आहात! तुम्हाला दिलेला तो गोड गळा कधी झिजवणार? या आत, टाळ मोकळे आहेत. आणि आजी, माझे ऐका. ती पैठणी उद्या काल्याच्या कीर्तनाला नेसून या. डाळ सांडली तर सांडू दे! सुनेच्या तोंडाकडे तेवढे बघा.

आणि जाताना बाहेर एखादा हवा भरणारा मनुष्य भेटला, तर त्याला नमस्कार करा. आपली चाके त्याच्या श्वासावर चालतात.

येथे हे आख्यान संपूर्ण झाले. जे ऐकत बसले, आणि जे पुढे कधी हे कागदावर वाचतील, त्या सर्वांनी आपला अमूल्य वेळ माझ्यासारख्या सहावी इयत्ता शिकलेल्या सेवकाच्या ठायी खर्च केला. त्या उपकाराबद्दल मी हात जोडून आभार मानतो. चूकभूल माझी, गोडी आपली.

आपला नम्र,
कोंडीराम सदू निकाळजे, कीर्तनकार

विठ्ठल, विठ्ठल!